मधमाश्यांच्या पुस्तकातली चिठ्ठी

“मावशी, एवढ्या चिठ्ठ्या ज्या त्या पुस्तकात घाला. मागच्या बाजूला पुस्तकाचं नाव लिहिलंय मी,” असं म्हणून रेहानानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या ओटीत टाकला आणि दप्तर खांद्याला अडकवून ती गेलीसुद्धा.

गुरुवारची संध्याकाळ होती. पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब यायचे होते. म्हणून नववीच्या मुलींनी दुपारभर व्हरांड्यात बसून कपाटातल्या सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली होती. कव्हर घालताना आतल्या चिठ्ठ्या पडू नयेत म्हणून त्यांनी त्या काढून ठेवल्या होत्या. आता मुली घरी गेल्या होत्या आणि माझ्यापुढं दोनशे पुस्तकं उभी होती. सगळी एका रंगाची.

मी एकसष्ट चिठ्ठ्या मोजल्या. मोजता मला येत होतं. वाचता येत नव्हतं.

हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. मी तिथं शिपाई. आधी सात हंगाम बेदाण्याच्या शेडवर निवडायला होते, मग शाळेत झाडलोट आणि पाणी भरायला लागले. मस्टरवर सही करायचे, हौसाबाई बापू माने. ती सही एका जाऊबाईनं रांगोळीसारखी गिरवून घेतली होती. सही करते म्हणजे हिला वाचता येतच असेल, असं सगळे धरून चालले. मीही धरू दिलं. पुढं मगदूम सर हेडमास्तर झाले आणि त्यांनी पुस्तकांच्या कपाटाची चावी माझ्याकडं दिली. त्या दिवसापासून गावात मला कुणी झाडूवाली म्हटलं नाही. बाजारात बायका म्हणायच्या, “पुस्तकांची हौसा आली बघ.” ती चावी मी पदराच्या टोकाला बांधायचे आणि झोपतानाही सोडायचे नाही.

काम कसं करायचे? बेदाण्याचं कामच ते. नजरेनं निवडायचं. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट वेगळा. पुस्तकंही मी तशीच ओळखायचे. किल्ल्यांचं पुस्तक तांबडं, वरचा कोपरा उंदरानं खाल्लेला. भुतांच्या गोष्टींवर शाईचा डाग. मुलं नाव सांगायची, मी हात घालून काढायचे. वहीत नाव मुलं आपल्या हातानं लिहायची. कुणी काही वाचून दाखवा म्हटलं तर मी म्हणायचे, चष्मा घरी राहिला. हे रेहानाच्या मनाला लागलं आणि तिनं तिच्या अब्बाचा जुना चष्मा मला आणून दिला. तिचे अब्बा शिंपी. त्या चष्म्यातून मला सगळं धुरकट दिसायचं, तरी मी तो घालून बसायचे.

आणि चिठ्ठ्यांचं असं होतं. शनिवारच्या सकाळच्या शाळेत परिपाठ झाला की एक मुलगा किंवा मुलगी पायरीवर उभी राहायची आणि आपण वाचलेलं पुस्तक बाकीच्यांना सांगायची. का वाचा, कुठं हसू येतं, कुठं कंटाळा येतो पण सोडू नका. मग तेच थोडक्यात चिठ्ठीवर लिहून, खाली नाव आणि इयत्ता घालून, चिठ्ठी त्या पुस्तकात ठेवायची. पुढच्याला पुस्तक घेताना चिठ्ठी दिसायची. हे सगळं रेहाना मुल्लानं सातवीत असताना सुरू केलं होतं. तिनंच दोन नियम घातले होते. पूर्ण वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही. आणि पुस्तक चिठ्ठीसारखं निघालं नाही तर कुणीही शनिवारी सगळ्यांसमोर जाब विचारायचा.

तर त्या संध्याकाळी मी चिठ्ठ्या हातात घेऊन बसले होते. उघडी पुस्तकं असती तर निदान पुस्तक तरी ओळखलं असतं. चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतली असती, चष्म्याचं निमित्त करून. खाकी कागदात पुस्तकंही गेली आणि मीही गेले.

आतून मगदूम सर म्हणाले, “मावशी, झालं का? कपाट लावा, मला निघायचंय.”

“झालं सर,” मी म्हटलं.

आणि चिठ्ठ्या हाताला येतील तशा घातल्या. एका पुस्तकात एक.

*

तपासणीचे साहेब बुधवारी आले. त्यांनी कपाट बाहेरूनच बघितलं, एकसारखी कव्हरं बघून “वा” म्हणाले आणि चहाला गेले. मला वाटलं, सुटले.

पण पोरं कुठं सोडतात? आता कव्हरं एकसारखी, म्हणून आतली चिठ्ठी वाचूनच ती पुस्तक न्यायची. गुरुवारी आठवीतली एक मुलगी आली. “मावशी, या पुस्तकात भूत कुठाय? नुसती गणितं हायत.”

“पुढं असंल,” मी म्हटलं. “शेवटापर्यंत वाच.”

शुक्रवारी एक मुलगा आला. त्याला शिकारीचं म्हणून मिळालं होतं ते लोणची-मुरंब्यांचं निघालं. त्यालाही मी म्हटलं, पुढं असंल. तो बिचारा घेऊन गेला परत.

शनिवारी मी घंटा दिली, पोरं ओळीनं बसली. परिपाठ झाला. सर म्हणाले, “आज पुस्तक कोण सांगतंय?” तेवढ्यात नववीतला बाहुबली चौगुले उठला. नाव बाहुबली, पण अंगानं शेवग्याची शेंग. पोरं त्याला चिडवायची, पण त्यालाही तोंड होतं.

“सर, मला आधी रेहानाला जाब विचारायचाय.”

“विचार.”

तो पायरीवर चढला. खाकी पुस्तक उघडून त्यानं चिठ्ठी वाचली. “‘या पुस्तकात जहाज बुडतं तिथं मी रडले. अम्मीनं विचारलं काय झालं, तर मी म्हटलं कांदा चिरला. तुम्हीपण वाचा. रेहाना मुल्ला, नववी अ.’” मग त्यानं चिठ्ठी खाली केली. “सर, मी एकशे बारा पानं वाचली. नुसत्या मधमाश्या हायत. माश्या उठत्यात, माश्या उडत्यात, माश्या परत येत्यात. पाणी एकदाच आलंय, ते पण माश्याच पित्यात. जहाज सोडा, होडीसुद्धा न्हाई.”

“कांदा तरी हाय का?” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी शाळा हसली.

रेहाना पुढं आली. तिचं तोंड लाल झालं होतं. तिनं चिठ्ठी हातात घेतली, बघितली आणि उलटी केली. मागं तिच्याच अक्षरात जहाजाच्या पुस्तकाचं नाव होतं. तिनं मान वर केली आणि घंटेपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच.

मग ती सरांकडं वळली. “माझी चूक झाली सर. मी न बघता चिठ्ठ्या घातल्या.”

“सर, माझ्यात पण भूत नव्हतं,” आठवीतली मुलगी उठली. मग लोणच्याचा मुलगा उठला. मग आणखी चार-पाच हात वर.

मगदूम सर ओरडणारे नव्हते. हळू बोलले की पोरं जास्त घाबरायची. “रेहाना, ही पोरं एकमेकांच्या शब्दावर पुस्तक नेतात. मी सांगून नेत नाहीत, तुमच्या सांगण्यावरून नेतात. तो शब्दच खोटा पडला, तर पुढच्या शनिवारी कोण कशाला ऐकेल? तू न बघता चिठ्ठ्या घातल्यास. हे काम यापुढं तुझ्याकडं नको.”

“हो सर,” ती म्हणाली.

 चौदा वर्षांची पोर. दोन वर्षं दर शनिवारी ज्या पायरीवर ती ताठ उभी राहायची, तिथून ती खाली उतरायला लागली. आणि मी घंटेची हातोडी हातात धरून उभी. माझ्या पदराला चावी. पोरीनं माझ्यावर पांघरूण घातलं होतं. मी गप्प राहिले असते तर चावी राहिली असती, आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

“सर,” मी म्हटलं, “चिठ्ठ्या मी घातल्या.”

सर वळले. “तुम्ही? मग मागची नावं बघून का नाही घातल्या, मावशी?”

“मला वाचाय येत न्हाई.”

तीनशे पोरं बसली होती. रस्त्यापलीकडच्या शेडवर बेदाणा वाळत घातला होता, त्यावरचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. 

“तीन वर्षं चावी तुमच्याकडं आहे,” सर म्हणाले.

“व्हय सर.”

“मग पुस्तकं देत कशी होता?”

 बेदाण्याचं सांगितलं असतं तर पोरं हसली असती. मी पदराची गाठ सोडली. घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. चावी पायरीवर ठेवली आणि मागं सरले.

“सर, एक विचारू?” रेहाना अजून खालच्या पायरीवर होती. “मावशींनी आजवर एकदा तरी कुणाला चुकीचं पुस्तक दिलंय का? कव्हरं घालायच्या आधी?”

सरांनी मुलांकडं बघितलं. कुणी हात वर केला नाही.

“नाव पुरतं सांगू देत न्हाईत सर,” बाहुबली म्हणाला. “निम्मं सांगितलं की काढून हातात.”

रेहाना पळत कपाटाकडं गेली आणि कवळाभर पुस्तकं घेऊन आली. पायरीवर ठेवली. वरच्या पुस्तकाचं खाकी कव्हर तिनं टराटरा फाडलं. गेल्या आठवड्यातच तिनं घातलेलं. पुस्तक वर धरलं.

“मावशी?”

निळं पुस्तक, पाठीवर चिकटपट्टी. मी लांबूनच ओळखलं. “हे विहीर खणणाऱ्याचं. गेल्या वर्षी दहावीतल्या शशिकांत सुतारानं सांगितलेलं. म्हणाला, पाणी लागतं त्या पानावर मला एवढी तहान लागली की मी उठून माठातलं दोन तांबे पाणी प्यालो.”

“ती चिठ्ठी शोधा,” सर म्हणाले.

पोरांनी पुस्तकं उलटीपालटी केली. विहिरीची चिठ्ठी शिवणकामाच्या पुस्तकात सापडली. सरांनी ती वाचली, आधी मनात, मग मोठ्यानं. सगळं तसंच होतं. चिठ्ठीत तांबे तीन होते, एवढाच फरक.

रेहानानं दुसरं कव्हर फाडलं. “हे?”

“डॉक्टरीण झालेल्या बाईचं. तुझ्याच वर्गातल्या कमल वाघमारेनं. म्हणाली, हे आईला वाचून दाखवा, आई लगेच लग्नाचं बोलायची थांबते.”

पोरी हसल्या. कमल तोंड लपवत होती. आता पोरांना चेव आला. कोण कुठलं पुस्तक पळवून आणतंय, कोण कव्हर फाडतंय. मी सांगत गेले. शनिवारी सगळे बसलेले असायचे, पण घंटेपाशी मी उभी असायचे, आणि मला ऐकण्यावाचून दुसरा मार्ग कुठं होता? ज्याला लिहून ठेवता येत नाही त्याला लक्षातच ठेवावं लागतं. कोण पायरीवर चढून काय बोललं, कोण बोलताना अडखळलं, कुणी नाक ओढलं, सगळं माझ्यापाशी होतं. मी दोन वर्षांचे शनिवार त्या सकाळी सांगून टाकले.

शेवटी सर स्वतः उठले. कपाटाच्या तळातून एक जाड पुस्तक काढून त्यांनीच कव्हर उतरवलं. “हे?”

मी बघितलं. “हे कुणीच सांगितलं न्हाई सर. तीन वर्षांत एकदाबी कपाटाबाहेर आलं न्हाई. मी दिवाळीला पुसते तेवढंच.”

सरांनी पुस्तकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “हे मी शाळेला भेट दिलेलं आहे,” ते म्हणाले.

तेव्हा जी पोरं हसली, तसं हसू त्या पटांगणात मी नंतर ऐकलं नाही. सरही हसले. मग त्यांनी पायरीवरची चावी उचलली.

“मावशी, ही चावी माझ्या खोलीत खिळ्याला राहील. मी ती तुम्हाला देणार नाही. ज्या दिवशी या पायरीवर उभ्या राहून तुम्ही तुमच्या हातची चिठ्ठी वाचाल, त्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन काढून घ्या.” मग रेहानाकडं वळून म्हणाले, “काम तुझ्याकडंच. पण पुन्हा दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेताना आधी मला सांग.”

“मग काय उपयोग सर?” ती म्हणाली.

*

त्यानंतर कपाट रेहाना उघडायची आणि पुस्तक मी काढायचे. मधल्या सुट्टीत पोरं पांगली की ती माझ्याजवळ बसायची. बाराखडीचं पुस्तक तिनं आणलं नाही. पाटीही आणली नाही. तिनं चिठ्ठ्या आणल्या.

“ह्या तुम्हाला पाठ आहेत,” ती म्हणाली. “आता फक्त बघायचं, कुठला आवाज कुठं बसलाय.”

पहिला शब्द मी वाचला तो जहाज. दोन्ही कडेला ज, मध्ये ह. दोन माणसं धरून एक म्हातारी चालली आहे असं मला वाटलं. मग रडले, मग कांदा, मग अम्मी. त्या चिठ्ठीवर मी पंधरा दिवस काढले. नंतर विहिरीची. एकेक चिठ्ठी म्हणजे एकेक पोरगं समोर उभं राहायचं आणि त्याचं बोलणं कागदावर उतरायचं.

लिहायला शिकवायचं बाहुबलीनं मागून घेतलं. त्याचं स्वतःचं अक्षर कोंबडीच्या पायाचं.

“मावशी, हा ध काय, ह्याला घ म्हणत्यात.”

“तुझा तरी ध कुठं ओळखतोय रे?”

“मला मार्क पडून गेलेत. तुमचं अजून राहिलंय,” असं म्हणून तो पुन्हा गिरवायला लावायचा.

एक दिवस मी त्याला म्हटलं, “मला पुस्तक काढून दे. वाचते.”

“कुठलं?”

“तुझं माश्यांचं. त्याला अजून कुणाची चिठ्ठी न्हाई.”

“जाड हाय मावशी. आणि जहाज न्हाई त्यात.”

“असू दे.”

पहिल्यांदा रोज एक ओळ वाचली. मग दोन. पावसाळ्यात पान झालं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला एक ओळ वाचायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागतो, पण ओळ वाचून झाली की ती तुमची होते, तिला कुणी खाकी कव्हर घालू शकत नाही. दसऱ्याच्या आधी पुस्तक संपलं. चिठ्ठी लिहायला चार दिवस लागले. रेहाना आणि बाहुबली आता दहावीत होते. दोघंही दोन बाजूंना बसलेली, पण एका अक्षराला त्यांनी हात लावला नाही.

“खाली नाव आणि इयत्ता,” रेहाना म्हणाली.

“इयत्ता काय घालू?”

 बाहुबली म्हणाला, “शिपाई घाला.”

तेच घातलं.

शनिवारी घंटा मीच दिली आणि मीच पायरीवर चढले. चष्मा काढून ठेवला होता, त्यातून मला कधीच नीट दिसत नव्हतं. समोर तीनशे तोंडं. मगदूम सर त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. मी कागद धरला आणि वाचलं.

“‘हे मधमाश्यांचं पुस्तक आहे. एक माशी जन्मभर राबते तेव्हा चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध होतो. एवढ्या एवढ्यानं पोळं भरतं. मी रोज एक ओळ वाचली आणि माझं पण भरलं. मधे कंटाळा येतो. सोडू नका. पुढं आहे. हौसाबाई बापू माने, शिपाई.’”

पोरांनी टाळ्या वाजवल्या की नाही, मला आठवत नाही. मला एवढं आठवतं की मी खाली उतरले, सर दारातून बाजूला झाले, आणि मी खोलीत जाऊन खिळ्यावरची चावी काढली. आता मी सत्तरीच्या पुढं आहे. शाळा सोडून वर्षं झाली, पुष्कळ पुस्तकं वाचली. पण त्या चावीचा गार स्पर्श अजून या बोटांना आहे.

मधल्या सुट्टीत कपाट उघडलं. समोर रांग. अकरा जण मी मोजले. सगळ्यांना एकच पुस्तक हवं होतं, माश्यांचं. आणि रांगेत सगळ्यांत पुढं उभा होता बाहुबली.

“तू काय करायलाईस हितं?” मी म्हटलं. “वाचलंयस की तू ते.”

“वाचलंय,” तो म्हणाला. “पण तवा जहाजाच्या नादानं वाचलं. तुमच्या सांगण्यावरनं अजून कुठं वाचलंय?”

आणि त्यानं हात पुढं केला.